न्यायासनावर बसलेली पत्नी

वचन : शास्ते ४:४-५, याकोब २:१-४



दबोरेची ओळख पवित्र शास्त्र थोडक्यात करून देते. ती संदेष्ट्री होती, लप्पिदोथाची पत्नी होती आणि इस्राएलाचा न्याय करीत होती. रामा व बेथेल यांच्या दरम्यान एका खजुरीखाली ती बसे आणि लोक आपले तंटे घेऊन तिच्याकडे येत. शास्त्र तिचा विवाह लपवीत नाही आणि त्याला तिच्या सेवेतील अडथळाही मानीत नाही. न्याय करण्याची बुद्धी देवाने तिला दिली होती. तीच तिची पात्रता.

आता आपल्या देशाकडे पाहा. कोडगूच्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. त्या सेवेतील त्या पहिल्या महिला. परंतु पुढे १९६१ च्या नियमांत असे आले की, स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी. आणि घरसंसारामुळे कामात खोळंबा होईल असे सरकारला वाटल्यास तिच्याकडून राजीनामा मागता येईल. विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्कच नव्हता. पुरुषाला मात्र अशी कोणतीही अट नव्हती! वरची बढती नाकारली गेली तेव्हा मुथम्माबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच बढती मिळाल्यामुळे १९७९ साली त्यांचा अर्ज निकालात निघाला. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांतील पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. संसार काय एकट्या स्त्रीचाच असतो?

पात्रता पाहूच नये, असे माझे म्हणणे नाही. परिचारिकेला प्रशिक्षण हवे, शिक्षकाला विषयाचे ज्ञान हवे. ते अवश्य विचारा. पण जो प्रश्न कामाचा नाही आणि जो केवळ बहिणीलाच विचारला जातो, तो पात्रतेचा प्रश्न नव्हे. तो पक्षपात होय. सोन्याची अंगठी पाहून मानाची जागा देणाऱ्या मंडळीला याकोब हाच दोष लावतो.

आपल्याही शाळा, दवाखाने व वसतिगृहे आहेत. तेथे मुलाखत घेताना कमिटीच्या सभासदांनी स्वतःला विचारावे : "लग्न कधी करणार? मुले कोण सांभाळील?" हे आपण भावांना विचारतो काय? "पुरुषाला घर चालवायचे असते," असे काही जण म्हणतात. मग जी विधवा मुलांची फी भरते, जी मुलगी म्हाताऱ्या आईबापांना पोसते, ती काय चालविते?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, दबोरेचा धडा शिकविताना ती लप्पिदोथाची पत्नी होती, हे सांगावयास विसरू नका. आपल्या वर्गातील मुलीही ऐकत आहेत, आणि उद्या नेमणुका करणारे मुलगेही.

ज्याने दाने वाटताना पक्षपात केला नाही, तो प्रभू आपल्याला निःपक्षपाती दृष्टी देवो. आमेन.