सीडी, फाइल आणि अमानत

सीडी प्लेअर ठेवावा की सगळे संगीत 'लॉसलेस' फाइलींत उतरवून घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराला विचारण्याचा आहे. किंमत किती, जागा किती, आवाज कसा, एवढे कळले की माणूस मोकळा. पण गेली काही वर्षे हाच प्रश्न आपल्या घरांतून वेगळ्या रूपाने उभा राहू लागला आहे. अब्बांनी हौसेने जमवलेल्या दीड-दोनशे सीडी कपाटात आहेत. प्लेअर अडखळू लागला आहे आणि दुरुस्ती करणारा सापडत नाही. नव्या लॅपटॉपला सीडी घालण्याची सोयच उरलेली नाही. घरातला तरुण म्हणतो, "सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ आणि सीडी विकून टाकू. आवाजात तसूभरही फरक पडणार नाही." आवाजापुरते त्याचे म्हणणे खरे आहे. मात्र 'विकून टाकू' या दोन शब्दांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. तोच आम्हाला इथे थोडा उलगडून पाहायचा आहे.

आधी कानाचा हिशेब मिटवू. सीडी १९८२ साली बाजारात आली. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून तिचे माप ठरवले. आवाजाची लहर दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांच्या आकड्यात लिहायचे आणि डाव्या-उजव्या बाजूंचा हिशेब वेगळा ठेवायचा, असे ते माप. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. या मापात २२,०५० हर्ट्झपर्यंतचे सारे मावते. थोडक्यात, सीडी ही आकड्यांनी भरलेली एक वही आहे. तासाभराच्या गाण्याला तिच्यात सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात.

ही वही लहान करण्याच्या दोन रीती आहेत. एमपी-थ्री कानाला सहसा न जाणवणारा भाग खोडून टाकते, आणि खोडलेले पुन्हा मिळत नाही. लॉसलेसची रीत निराळी. २००१ मध्ये जोश कोलसन यांनी पूर्णत्वाला नेलेले फ्लॅक हे त्यातले सर्वांत परिचित नाव. ते पुढचा आकडा काय असेल याचा अंदाज बांधते आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहून ठेवते. फरक लहान असतो म्हणून जागा कमी लागते, बहुधा मूळच्या निम्म्याच्या आसपास. उघडताना मात्र एकूण एक आकडा जसाच्या तसा हाती येतो. म्हणून सीडी लावली काय आणि तिच्यावरून नीट उतरवलेली फ्लॅक फाइल वाजवली काय, पुढची यंत्रे आणि स्पीकर तेच असतील तर कानावर पडते ते एकच.

एका बाबतीत तर फाइल जास्त स्पष्टवक्ती आहे. सीडीवर ओरखडा पडला की प्लेअर आधी राखीव आकड्यांच्या आधारे चूक दुरुस्त करतो. तेही जमले नाही तर आजूबाजूचे आकडे पाहून मधला आकडा अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. फ्लॅक फाइलच्या आरंभी मात्र मूळ आवाजाची एक खूण नोंदलेली असते. दहा वर्षांनी ती खूण पुन्हा काढून ताडून पाहिली, तर मधल्या काळात एक आकडा जरी बदलला असेल तरी कळते. फाइल स्वतःची साक्ष स्वतः देते. सीडीचे गुण दुसरे आहेत. ती हाताला लागते, डोळ्यांना दिसते, तिला पासवर्ड लागत नाही आणि ती एका वेळी एकाच घरात असते.

हा शेवटचा गुण आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅसेटच्या जमान्यात एखादी कव्वाली मित्राकडून भरून घेतली की तिच्यात सरसर मिसळे. त्या कॅसेटवरून तिसऱ्याने भरली तर सरसर वाढे, आणि चौथ्यापर्यंत पोचेतो टाळ्या आणि शब्द एकमेकांत विरघळून जात. नक्कल करणाऱ्यांची नियत तेव्हा फार पाक होती असे नाही. वस्तूच पहारा देत होती. फितीचा दुबळेपणा हाच गायकाच्या हक्काचा राखणदार होता, कारण चांगले ऐकायचे तर शेवटी विकतच घ्यावे लागे.

लॉसलेस नकलेने तो पहारेकरी घरी पाठवला. आता पहिली प्रत आणि दहा हजारावी प्रत यांत काहीच भेद नाही. 'ज्यात काही गमावत नाही' अशी नक्कल माणसाच्या हाती आली, आणि जो संयम आजवर वस्तू पाळत होती तो पाळण्याचे काम माणसावर येऊन पडले. या लेखात आम्हाला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे. सीडी की फाइल या निवडीत आवाज जिंकत किंवा हरत नाही. जबाबदारी मात्र वस्तूकडून आपल्याकडे येते.

आता 'विकून टाकू'कडे वळू. सीडी विकत घेताना आपण दोन गोष्टी घेतो : एक तबकडी, आणि तिच्यातले गाणे ऐकण्याचा हक्क. तबकडी विकली की हा हक्क तिच्यासोबत दुसऱ्याच्या घरी जातो. फाइल मागे ठेवून तबकडी विकणारा माणूस वस्तूची किंमत घेतो आणि वस्तूही ठेवून घेतो. एका खरेदीवर दोन घरे गाणी ऐकू लागतात. यात कोणाच्या खिशातून काही काढले गेलेले नाही, हे खरे. पण दिलेली वस्तू मागच्या दाराने परत आणणे याला व्यवहारात आपण चांगले नाव देत नाही.

कायदा इथे चाचपडताना दिसतो. भारताच्या १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, आणि खासगी उपयोगासाठीच्या रास्त वापराची मुभा संगीतासही लागू झाली. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये, स्वतः विकत घेतलेल्या सीडीची स्वतःसाठी प्रत करण्यास परवानगी दिली, आणि जुलै २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने ती रद्द केली. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने वापरलेल्या संगीत फाइलींचा जुना बाजार सुरू केला. विकणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसली जाईल अशी तजवीजही केली. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की फाइल 'हलवणे' म्हणजे नवी प्रत करणेच होय, म्हणून हा व्यापार चालणार नाही. जुनी सीडी रस्त्यावर बसून विकता येते, पैसे मोजून घेतलेली फाइल अशी विकता येत नाही. कायद्यालाही वस्तू आणि नक्कल यांतली सीमारेषा अजून सोपी करता आलेली नाही. म्हणूनच कायद्यात बसते की नाही एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा, की जुनी सीडी दुसऱ्याने विकत घेतली तरी गायकाला त्यातून छदामही मिळत नाही; मग मी फाइल ठेवली तर त्याचे काय गेले? दुसरा असा, की गाणारा केव्हाच पैगंबरवासी झाला. आता हक्क कोणाचा? पहिल्याचे उत्तर सरळ आहे. जुन्या वस्तूच्या विक्रीत ऐकणारे घर बदलते, वाढत नाही. वाढवायचे असेल तर त्याचा मोबदला द्यायला हवा. २०१२ च्या त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा बांधून दिला की कंपनीलाही तो त्यांच्याकडून सहजी लिहून घेता येऊ नये. जो हक्क मिळवायला कलावंतांना इतकी वर्षे झगडावे लागले, तो आपण घरबसल्या फुंकून टाकावा हे शोभत नाही.

दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गाणे यंत्रात शिरण्यापूर्वी ते सीना-ब-सीना जात असे. उस्ताद गंडा बांधत, पारखून घेत आणि मग देत. नक्कल व्हायची ती देणाऱ्याच्या मर्जीने. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाँ खाँ कोल्हापुरात दीर्घकाळ राहिले आणि १९४६ मध्ये मुंबईत निवर्तले, पण त्यांच्या आवाजाची तबकडी आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांचे गाणे उरले ते शागिर्दांच्या गळ्यात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये गेले. त्यांनी जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या भरल्या, आणि त्या तीन मिनिटांतून आजही त्यांचा स्वर आपल्या घरात येतो. दोघेही थोरच. पण एकाचा आवाज नकलेमुळे वाचला, एकाचा वाचला नाही.

ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. तेव्हा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या तबकड्या आता सर्वांच्या आहेत. त्यांची लॉसलेस प्रत करून दहा जणांना देण्यात कोणाचा हक्क बुडत नाही. उलट ती न करणे हाच हलगर्जीपणा ठरेल, कारण लाखेची तबकडी एकदा फुटली की फुटली. जी वस्तू बाजारात मिळते तिची किंमत द्यावी, आणि जी सर्वांची झाली आहे किंवा नामशेष होऊ पाहते तिची जपणूक करावी. नक्कल तीच, एका ठिकाणी ती हात मारणे ठरते, दुसऱ्या ठिकाणी राखण. फरक यंत्रात सापडत नाही, तो नियतीत शोधावा लागतो.

'लॉसलेस' या शब्दाबद्दलही थोडे सांगायला हवे. आकडे सगळे आले म्हणजे काहीच हरवले नाही, असे आपण समजतो. पण सीडीच्या डबीत एक पुस्तिका असते. तिच्यात तबला कोणाचा, सारंगी कोणाची, हार्मोनियमवर कोण, ध्वनिमुद्रण कोणत्या साली, हे बारीक अक्षरात छापलेले असते. घाईत उतरवलेल्या फाइलीवर फक्त 'ट्रॅक ०१' उरतो. जुन्या तबकड्यांच्या लेबलांवर संगतकारांची नावे बहुधा छापलीच जात नसत; सीडीच्या पुस्तिकेने त्यांना कुठे थोडा मान दिला, तर आपण तो पुन्हा हिरावून घेतो. फ्लॅक फाइलीत ही सारी नावे लिहायला जागा असते. ती लिहायला प्रत्येक सीडीमागे दहा-पंधरा मिनिटे जातात, इतकेच. ज्या नकलेत सारंगियाचे नाव गळाले तिला आम्ही तरी लॉसलेस म्हणणार नाही.

आणखी एक बाजू वारशाची. घरधन्याच्या मागे दोनशे सीडी राहिल्या तर त्या वाटून घ्याव्या लागतात. बहिणीला मिळालेली भावाला मिळत नाही, म्हणून हिस्सा ठरतो आणि हक्कही ठरतो. फाइलींचे तसे नाही. चारही भावंडांना पूर्ण संग्रह मिळू शकतो आणि कोणाचे काही कमी होत नाही. वाटणीने न घटणारा वारसा ही मोठीच बरकत म्हणायची. पण त्या फाइली ज्या हार्ड डिस्कवर आहेत तिचा पासवर्ड गेलेल्या माणसाबरोबर गेला, किंवा ती डिस्कच एक दिवस चालू झाली नाही, तर चौघांच्याही हाती काही लागत नाही. कपाटातली सीडी विसरलेली असली तरी सापडते. विसरलेली फाइल बहुधा कायमची जाते. आणि दरमहा पैसे भरून ज्या सेवांवर आपण गाणी ऐकतो त्यांचा तर वारसाच नाही. तिथे आपण भाडेकरू असतो. हप्ता थांबला की दार बंद.

मग निवड कोणती करावी? आमचे मत असे. ज्यांच्याकडे सीडी आहेत त्यांनी त्या अवश्य लॉसलेस करून घ्याव्यात, कारण तबकडी कायमची नाही. तिचा चकचकीत थर लेबलच्या बाजूला, पातळ लेपाखाली असतो आणि ओलाव्याने खराब होऊ शकतो. घरी भरलेल्या सीडींचा रंग तर त्याहून लवकर उडतो. उतरवताना चुका ताडून पाहणारे सॉफ्टवेअर वापरावे, पुस्तिकेतली नावे लिहावीत, आणि प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. मूळ सीडी मात्र खरेदीखतासारखी जपून ठेवावी. प्लेअर बंद पडला म्हणून खत फाडायचे नसते. जागेअभावी सीडी द्यायचीच झाली, तर फाइलही तिच्यासोबत द्यावी आणि आपल्याकडची पुसून टाकावी. आणि जे आता नव्याने संग्रह करू पाहतात त्यांनी सीडी घेतली काय किंवा लॉसलेस फाइल विकत घेतली काय, दोन्ही सारखेच. अट एवढीच की घेणे हे घेणे असावे.

पुसून टाकण्याचा सल्ला काहींना भाबडा वाटेल. कोण पाहणार आहे? कोणीच नाही. वस्तू पहारा देत होती तेव्हा आपला प्रामाणिकपणा कधी कसाला लागलाच नाही. आता गाणाऱ्याचे गाणे, वाजवणाऱ्याचे नाव आणि विकत घेणाऱ्याचा हक्क, तिन्ही आपल्या एका बोटाच्या दाबावर आहेत. अमानत म्हणजे तरी दुसरे काय? जिच्यावर कुलूप नाही आणि तरी जिला आपण हात लावत नाही, तीच.