लिहिलेल्या सीमेची सत्ता

जे मुळात एक आहे ते अनेक म्हणून व्यवहारात येते, तेव्हा त्या अनेकत्वाला कोणत्या दर्जाचे अस्तित्व द्यायचे, हा भारतीय तत्त्वचिंतनातील एक जुना प्रश्न आहे. भेद खरा मानला तर मूळच्या एकत्वाला बाध येतो आणि तो साफ खोटा मानला तर त्याच्यावर उभा असलेला व्यवहार निराधार ठरतो. या प्रश्नाची चर्चा सामान्यतः जीव आणि ब्रह्म यांच्या संदर्भात होते. परंतु त्याचे एक मर्यादित आणि प्रत्यक्ष तपासता येण्याजोगे रूप संगणकाच्या डिस्कवर आढळते. विंडोज आधीच असलेल्या संगणकावर लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसवायची, म्हणजे ड्युअल बूट करायचे, तर डिस्कचे पार्टिशन नेमके कशा स्वरूपाची वस्तू आहे याविषयी काही एक समजूत गृहीत धरावीच लागते, आणि ती चुकीची असेल तर साठवलेली माहिती गमावण्याची वेळ येते. पार्टिशनला व्यावहारिक सत्ता असते, त्याचे बहुतेक दोष डिस्कमधील बिघाडाचे नसून नोंदींमधील विसंवादाचे असतात, आणि ते दूर करताना अभाव केव्हा सिद्ध होतो याविषयीचे मीमांसक व वेदान्ती यांचे विवेचन नेमके उपयोगी पडते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या समान आकाराच्या खंडांची, म्हणजे सेक्टरांची, एक सलग मालिका होय. पार्टिशन पाडल्याने या मालिकेत कोठेही भिंत उभी राहत नाही. अमुक सेक्टरपासून अमुक सेक्टरपर्यंतचा भाग एक समजावा, एवढीच नोंद एका तक्त्यात केली जाते. आयबीएमच्या संगणकांसाठी १९८३ मध्ये आलेल्या पीसी डॉसच्या २.० या आवृत्तीबरोबर रूढ झालेल्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असतो: ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या संकेतासाठी, ६४ बाइट प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदींसाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी. चारच नोंदींची जागा असल्यामुळे मुख्य पार्टिशने चारांहून अधिक होत नाहीत, आणि सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहावा लागत असल्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरांच्या डिस्कवर साधारण २.२ टेराबाइटपलीकडचा भाग या पद्धतीला सांगताच येत नाही. यूईएफआय या नव्या फर्मवेअरबरोबर, म्हणजे संगणक सुरू होताच प्रथम चालणाऱ्या अंगभूत प्रणालीबरोबर, आलेल्या जीपीटी पद्धतीत सर्वसाधारणपणे १२८ नोंदींची सोय असते, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते, आणि दोन्ही प्रती शाबूत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्यांच्यासोबत पडताळणीचा अंकही नोंदवलेला असतो.

या रचनेकडे पाहताना घटाकाशाचा दृष्टान्त आठवणे स्वाभाविक आहे. गौडपादांच्या माण्डूक्यकारिकांच्या तिसऱ्या प्रकरणात तो येतो आणि कीर्तन-प्रवचनांतून तो मराठी श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे: घटामुळे आकाश मर्यादित झाल्यासारखे वाटते, पण घट फुटला तरी आकाश तुटत नाही. ज्या गोष्टीमुळे अखंड वस्तू खंडित भासते तिला उपाधी म्हणतात, आणि जीव म्हणजे अशा उपाधीने मर्यादित झालेले चैतन्य होय, या मताला अवच्छेदवाद असे नाव आहे. केवळ अद्वैत्यांनीच उपाधीचा आधार घेतला असे नाही. वैशेषिकांनीही दिशा हे द्रव्य एकच मानून पूर्व-पश्चिम हा भेद सूर्याच्या संयोगासारख्या उपाधींमुळे होतो असे म्हटले आहे. पार्टिशनचा तक्ता अशीच एक उपाधी आहे. तथापि घट आणि तक्ता यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. घट हा आकाशाहून वेगळा पदार्थ असतो, तर डिस्कचे विभाजन करणारा तक्ता त्या डिस्कवरच लिहिलेला असतो. तो कोणत्याही पार्टिशनच्या आत नसतो. आजच्या प्रचलित पद्धतीत पहिले पार्टिशन बहुधा २०४८ व्या क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होते आणि तक्ता त्याच्या आधीच्या, कोणत्याच विभागाच्या वाट्याला न आलेल्या भागात राहतो.

हा फरक वेदान्तातील एका प्रसिद्ध वादाशी जाऊन भिडतो. अविद्येचा, म्हणजे अखंडाला खंडित भासवणाऱ्या अज्ञानाचा, आश्रय कोण, या प्रश्नावर वाचस्पती मिश्रांच्या भामतीची परंपरा जीव हे उत्तर देते, तर विवरण-परंपरा ब्रह्म हे उत्तर देते. पहिल्या उत्तरावर अन्योन्याश्रयाचा आक्षेप येतो, कारण जीव अविद्येमुळे होतो आणि अविद्या जीवाच्या आश्रयाने राहते, असे म्हटल्यास दोघांपैकी आधी कोण, हे ठरवता येत नाही. भामतीचे समर्थक ही परंपरा अनादी मानून त्या आक्षेपाला उत्तर देतात. डिस्कच्या बाबतीत अशी अनादी परंपरा मानण्याची सोय नाही, कारण कोऱ्या डिस्कवर पहिला तक्ता कोणत्या तरी एका क्षणी लिहिला जातो. विभाग करणारी नोंद विभागाच्या आधारावर राहू शकत नसल्यामुळे तिला अविभक्त डिस्कवरच जागा मिळावी लागते, आणि एवढ्यापुरती ही रचना विवरण-मताशी जुळते. व्यवहारात याचा परिणाम असा होतो, की एखाद्या पार्टिशनच्या आत कितीही दुरुस्ती केली तरी तक्त्यातील दोष त्या दुरुस्तीच्या कक्षेत येत नाही.

सीमा लिहिलेली आहे म्हणून ती निष्प्रभ आहे असे मात्र म्हणता येत नाही. बॅरी स्मिथ या तत्त्वज्ञाने वस्तूच्या स्वतःच्या रचनेतून येणाऱ्या सीमा आणि माणसांनी ठरवल्यामुळे अस्तित्वात येणाऱ्या सीमा असा भेद केला आहे. पार्टिशन या दुसऱ्या वर्गात मोडते. परंतु धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांचा निकष लावला, म्हणजे जे कार्य घडवण्यास समर्थ ते सत् असे मानले, तर या ठरवून आणलेल्या सीमेचे सामर्थ्य नाकारता येत नाही. दोन कार्यप्रणाली एकाच डिस्कवर एकमेकींच्या फायली न पुसता नांदतात, कारण दोघीही तोच तक्ता वाचतात आणि पाळतात. जो आदेश तक्ता न वाचता थेट संपूर्ण डिस्कवर लिहितो, त्याला कोणतीही सीमा अडवत नाही. पारमार्थिक नव्हे, पण व्यवहार चालू आहे तोवर अबाधित, असे अद्वैत वेदान्त ज्या व्यावहारिक सत्तेचे वर्णन करतो, तिचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे.

यावरून दोष कोठे शोधावा हे ठरते. सीमा वाचकांच्या एकमतावर टिकत असेल, तर एकमत मोडते तेथेच बिघाड होतो. याचा ठळक नमुना म्हणजे एकाच डिस्कवर दोन तक्ते राहणे. पूर्वी जीपीटी असलेली डिस्क एमबीआर पद्धतीने पुन्हा विभागताना जुन्या जीपीटीच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत, तर विंडोज नव्या तक्त्यावर सुरळीत चालते आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला मात्र दोन परस्परविरोधी नोंदी दिसून तो संपूर्ण डिस्क रिकामी असल्याचे दाखवू शकतो. येथे डिस्क बिघडलेली नसते आणि विंडोजही बिघडलेली नसते. फिक्सपार्ट्ससारख्या साधनाने शिळ्या जीपीटीच्या खुणा तेवढ्या काढल्या की विसंवाद मिटतो. ॲपलने २००६ मध्ये आणलेल्या बूट कॅम्पमध्ये तर असे दोन तक्ते हेतुपूर्वक शेजारी ठेवले जात, कारण मॅक जीपीटी वाचत असे आणि तेव्हाच्या विंडोजला एमबीआर लागत असे; एका तक्त्यात झालेला बदल दुसऱ्यात उतरला नाही की तीच अडचण उद्भवे.

दुसरा विसंवाद वाचण्याच्या पद्धतीचा असतो. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलेली असताना लिनक्सचा इन्स्टॉलर जुन्या बायोस पद्धतीने सुरू केला, तर जीपीटी डिस्कवर ग्रब हा लिनक्सचा आरंभक साधारण १ मेगाबाइटचे वेगळे पार्टिशन मागतो, आणि ते देऊन काम पुढे रेटले तरी त्याला विंडोज सुरू करून देता येत नाही. अशा वेळी नवे पार्टिशन पाडणे हा उपाय नसतो. इन्स्टॉलर यूईएफआय पद्धतीने पुन्हा सुरू करणे हा उपाय असतो. तिसरा विसंवाद ताब्याविषयीचा असतो. २०१२ मधील विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअप या सोयीमुळे संगणक बंद केल्यावरही विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते, त्यामुळे तिचे पार्टिशन अजून वापरात असल्याचे नोंदलेले राहते आणि लिनक्स त्यावर लिहिण्यास नकार देते. बिटलॉकरने कूटबद्ध केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, पार्टिशन लहान करायचे असेल तर ते काम विंडोजमधूनच करावे लागते, आणि संगणक सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागितली जाऊ शकते, म्हणून ती आधीच हाताशी असणे आवश्यक ठरते.

सर्वांत घातक चूक मात्र अभावाच्या ज्ञानासंबंधीची आहे. इन्स्टॉलर एखादी जागा रिकामी दाखवतो किंवा डिस्कच सापडत नाही असे सांगतो, तेव्हा ती जागा खरोखर रिकामी आहे, किंवा डिस्क खरोखर नाही, असे सिद्ध होते काय? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानतात, परंतु त्यासाठी एक अट घालतात: वस्तू तेथे असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. या अटीला योग्यता म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घट न दिसल्याने घटाचा अभाव सिद्ध होत नाही. इंटेलच्या काही संगणकांत डिस्क रेड पद्धतीने जोडलेली असते आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला ती दिसत नाही. येथे अनुपलब्धी आहे, पण योग्यता नाही. फर्मवेअरमध्ये एएचसीआय पद्धत निवडल्यावर तीच डिस्क दिसू लागते, फक्त त्याआधी विंडोजची त्या बदलासाठी तयारी करून घ्यावी लागते, अन्यथा ती सुरू होत नाही. जीपीटी रचणाऱ्यांनीही हा धोका ओळखला होता. जुन्या साधनांना जीपीटी वाचता येत नसल्यामुळे त्यांना ती डिस्क रिकामी वाटू नये, यासाठी पहिल्या सेक्टरमध्ये सगळी डिस्क व्यापलेली असल्याचे सांगणारी एक संरक्षक एमबीआर नोंद ठेवली जाते.

हाच विचार हरवलेल्या पार्टिशनला लागू होतो. तक्त्यातील नोंद गेली म्हणजे आतील फायली गेल्या असे नव्हे. प्रत्यक्ष नोंद नसली तरी फायलींच्या व्यवस्थेच्या खुणा सेक्टरांमध्ये शिल्लक राहतात, आणि टेस्टडिस्क हे साधन त्या खुणांवरून पूर्वीच्या सीमांचे अनुमान करून तक्ता पुन्हा उभा करू शकते. मात्र अनुमानाला लागणारे लिंग, म्हणजे खूण, शाबूत असेपर्यंतच हे शक्य असते. एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिप-आधारित डिस्कवर, पार्टिशन फॉरमॅट करताना जुन्या मजकुराचे खंड मोकळे करण्याचा आदेशही पुष्कळदा दिला जातो, आणि मग खूणच उरत नाही. म्हणून रिकामे दिसणाऱ्या जागेवर काही लिहिण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे घेणे, कोणता वाचक कोणती नोंद वाचतो आहे हे पाहणे, आणि एका वेळी एकच बदल करून दोष त्याच्यासोबत राहतो की जातो हे तपासणे, असा क्रम पाळावा लागतो. यातील शेवटची पायरी म्हणजे नैयायिकांची कारण ठरवण्याची अन्वय-व्यतिरेक पद्धतच होय: अमुक असताना कार्य होते आणि अमुक नसताना होत नाही, हे दोन्ही पाहिल्याशिवाय कारण ठरत नाही.

या साम्याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट करणे आवश्यक आहे. डिस्क ही ब्रह्मासारखे अखंड अधिष्ठान आहे असे वाटण्याचा मोह होतो, परंतु एसएसडीमधील सेक्टरांची सलग मालिकाही एक नोंदच असते. आतील नियंत्रक कोणता क्रमांक प्रत्यक्षात कोणत्या जागेवर ठेवायचा याचा स्वतःचा तक्ता बाळगतो आणि तो सतत बदलत असतो. एक नोंद बाजूला सारून खाली पाहावे तर तेथे दुसरी नोंद सापडते. हे चित्र अद्वैतापेक्षा नागार्जुनांच्या माध्यमिक मताला अधिक जवळचे आहे, कारण त्या मतानुसार व्यवहाराच्या तळाशी स्वयंसिद्ध अशी वस्तू आढळत नाही. तरीही यावरून दोन दर्शनांमधील वादाचा निकाल लागतो असे म्हणणे धाडसाचे होईल. यंत्राची रचना माणसाने केलेली असते आणि विश्वाविषयी साक्ष देण्याचा अधिकार तिला नसतो.

तिच्यातून जे सिद्ध होते ते याहून मर्यादित, पण निश्चित आहे. एखादी सीमा मानवनिर्मित आहे एवढे कळल्याने तिचे बंधन शिथिल होत नाही, आणि ती बंधनकारक आहे एवढ्याने ती वस्तुस्वभावात रुजलेली ठरत नाही. पार्टिशनला भिंत समजणारा मनुष्य शाबूत डिस्क बिघडली म्हणून टाकून देतो आणि पार्टिशनला काहीच न मानणारा मनुष्य भरलेली जागा रिकामी समजून पुसून टाकतो. व्यावहारिक सत्तेची संकल्पना या दोन्ही चुकांना एकाच वेळी प्रतिबंध करते, कारण सीमेविषयी दोन स्वतंत्र प्रश्न विचारायला ती भाग पाडते: ही सीमा कोठे लिहिलेली आहे, आणि ती कोण कोण वाचतो. ज्याला या दोहोंची उत्तरे माहीत नाहीत, त्याला ती सीमा बदलण्याचा अधिकार अद्याप प्राप्त झालेला नसतो.