परवलीचा शब्द आणि घरधनी

'परवलीचा शब्द' हा प्रयोग मुळात छावणीतला. रात्रीच्या पहाऱ्यावर अंधारातून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, म्हणून त्याला शब्द विचारावयाचा. शब्द बरोबर आला तर तो आपला, चुकला तर परका. मात्र पहाट झाली की या शब्दाची गरज संपे, कारण उजेडात माणसे एकमेकांना तोंडावरून ओळखत. आज निगडी-आकुर्डीपासून मोशी-चिखलीपर्यंत आणि पुढे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत घरोघरी भिंतीवर दिवे लुकलुकणारा एक लहानसा डबा असतो आणि तो घरच्या माणसालाही दिवसाढवळ्या परवलच विचारतो. त्याच्यासाठी पहाट कधी होतच नाही.

घरच्या बिनतारी जाळ्याचा, म्हणजे वाय-फायचा, परवलीचा शब्द विसरल्यावर तेथे पुन्हा प्रवेश कसा मिळवावा, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञाने सोडवावयाचा आहे. परंतु धर्मग्रामातील घरभेटींच्या निमित्ताने तो आमच्या कानांवर इतक्या वेळा आला की, त्याच्या पोटात नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न दडला आहे असे आम्हांस वाटू लागले. एखादी वस्तू 'माझी' आहे हे कशावरून ठरते? तिचे गुपित मला ठाऊक आहे यावरून, ती माझ्या हाताशी आहे यावरून, की आणखी कशावरून?

प्राधिकरणात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचे उदाहरण घेऊ. त्यांची उभी हयात कारखान्यात गेली. तेथे ओळखपत्र घरी राहिले तरी फाटकावरचा पहारेकरी त्यांना नावाने हाक मारून आत सोडी. घरातील डबा मुलाने बसविला, शब्दही त्यानेच ठरविला आणि तो नोकरीसाठी परदेशी गेला. पुढे गृहस्थांचा जुना फोन बंद पडला. नवा आणला, तर डबा त्यांना घेईना. मुलाच्या देशी तेव्हा मध्यरात्र. बैठकीतला दूरचित्रवाणी संच जाळ्याला जोडलेला होता व त्यावर गाणी चालू होती. म्हणजे शब्द त्याला ठाऊक होता, पण तो सांगणार कसा? अखेरीस असे निष्पन्न झाले की, तो शब्द शेजारच्या शाळकरी मुलाच्या फोनात आहे. एका परीक्षेच्या काळात गृहस्थांच्या मुलानेच तो त्याला दिला होता. दर महिन्याचे बिल भरणारा घरधनी दाराबाहेर आणि शेजारचा मुलगा आत, अशी ही स्थिती! गृहस्थांना ती अपमानास्पद वाटली. 'हे घर माझे की त्याचे?' असे ते आम्हांला म्हणाले, ते केवळ विनोदाने नव्हे.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर त्याचे काही चुकले नाही. आपल्याकडील बहुतेक घरांत २००४ साली आलेली डब्ल्यूपीए-२ नावाची पद्धत किंवा तिची २०१८ सालची पुढची आवृत्ती वापरली जाते. पहिल्या पद्धतीत परवलीचा शब्द किमान आठ व कमाल त्रेसष्ट अक्षरांचा असतो. जाळ्याच्या नावाशी त्याची सांगड घालून एक गणिती क्रिया ४०९६ वेळा केली जाते व तीतून खरी किल्ली तयार होते. मग फोन आणि डबा यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. या चार निरोपांत शब्द कोणीच उच्चारीत नाही. 'तुला ठाऊक आहे ते मलाही ठाऊक आहे' एवढेच दोघे एकमेकांना पटवून देतात. येथे केवळ पाहुण्याने यजमानाला पुरावा द्यावयाचा नसून यजमानानेही पाहुण्याला द्यावयाचा असतो, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. पण हा पुरावा ज्ञानाचा आहे, नात्याचा नव्हे. घर कोणी बांधले, कर्ज कोणी फेडले, या गोष्टींना त्या चार निरोपांत जागा नाही.

जुन्या करारातील शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात परवलीच्या शब्दाची एक भयंकर कथा आहे. यार्देनच्या उतारावर गिलादी लोक येणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणावयास लावीत. एफ्राइमी माणसाच्या जिभेला 'श' वळत नसे आणि त्याचा जीव जाई. तेथे शब्द सर्वांना ठाऊक होता. पारख होती ती जिभेची, म्हणजे माणूस कोणत्या मातीतला आहे याची. आजच्या शब्दाचे नेमके उलटे आहे. तो कोणत्याही मुखातून आला तरी चालतो. संगणकाच्या जगात हा प्रकार १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. एकच यंत्र अनेकांनी वापरावयाचे, तेव्हा प्रत्येकाचे काम वेगळे राहावे हा हेतू होता. १९६२ साली तेथीलच एका संशोधक विद्यार्थ्याने अधिक वेळ यंत्र वापरता यावे म्हणून साऱ्यांच्या शब्दांची यादी छापून घेतली. गुपित आणि त्याची गळती यांचे वय असे जवळजवळ सारखेच आहे.

आता विसरण्याविषयी. संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात स्मृतीचा जो शोध घेतला आहे, त्यात हरवलेले नाणे शोधणाऱ्या स्त्रीचा उल्लेख येतो. नाणे तिच्या स्मरणात नसते तर सापडल्यावर ते तेच आहे हे तिला कळलेच नसते. विसरलेल्या नावाचेही तसेच. आपण एकामागून एक नावे नाकारतो आणि खरे नाव आले की मन म्हणते, हेच ते. म्हणजे आपण पूर्णतः विसरलेलो नसतो. ही मीमांसा आम्ही गुरुविद्यालयात शिकलो तेव्हा निर्विवाद वाटली होती. परवलीच्या शब्दापुढे मात्र ती लंगडी पडते. मुलाचे नाव आणि जन्मसाल, मग गावाचे नाव, मग शेवटी एक चिन्ह, असे दहा शब्द आपण घालून पाहतो. खरा शब्द आला तरी मन 'हेच ते' म्हणत नाही, यंत्र म्हणते. ओळखण्याचे काम आपण बाहेर ठेवून दिले आहे.

आणि ते बाहेर ठेवलेले असते म्हणूनच परतीची वाटही बहुधा बाहेरच सापडते. पूर्वी जोडलेला एखादा संगणक घरात असेल तर त्याच्या पोटात शब्द जपलेला असतो आणि जाळ्याच्या माहितीत जाऊन तो उघड वाचता येतो. अँड्रॉइड फोनांत २०१९ पासून आणि आयफोनमध्ये २०२२ पासून जोडलेल्या जाळ्याचा शब्द दुसऱ्याला दाखविण्याची सोय आहे. मात्र त्याआधी फोन धन्याचे बोट, चेहरा किंवा कुलपाचा आकडा मागतो. म्हणजे चेहऱ्याची ओळख अगदीच हद्दपार झालेली नाही. शब्द कोणी बदललाच नसेल, तर डब्याच्या पाठीवरील चिठ्ठीत कारखान्याने छापलेला मूळ शब्द असतो. आणि डब्याला तारेने जोडलेल्या संगणकाला सहसा परवल विचारली जात नाही, तेथून १९२.१६८.१.१ किंवा तत्सम पत्त्यावर जाऊन, व्यवस्थापनाचा वेगळा शब्द ठाऊक असल्यास, नवी परवल ठरविता येते.

हे सारे उपाय हरले की उरते ते मागील बाजूचे टाचणीएवढे छिद्र. त्यात टाचणी खुपसून सुमारे दहा सेकंद दाबून धरली की डबा सर्व काही विसरतो. यंत्र घडविणाऱ्यांचा अंतिम विश्वास कोणावर आहे, हे येथे उघड होते. गुपित जाणणाऱ्यापेक्षाही, घराच्या चार भिंतींत येऊन डब्याला हात लावू शकणाऱ्यावर तो आहे. इतक्या गणिताच्या तळाशी शेवटी साधी दाराची कडीच आहे, आणि आपण कोणाला आत घेऊन चहा देतो हा प्रश्न आहे.

चाकणचा उल्लेख आला आहे तर एक इतिहास आठवतो. १६६० साली चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढविला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच तो पडला. पुढे हाच खान पुण्यात लाल महालात राहत होता. तो वाडा शिवाजी महाराजांच्या बालपणीचा. १६६३ च्या एप्रिलमध्ये महाराज रात्री तेथे शिरले, तेव्हा आपल्याच घरी जाण्यासाठी त्यांच्या माणसांना परकी ओळख सांगावी लागली, असे वृत्तांत आहेत. त्या रात्री पहाऱ्याची परवल खानाच्या लोकांना ठाऊक होती. वाडा मात्र महाराजांना ठाऊक होता. शब्दाचे ज्ञान आणि घराचे ज्ञान या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दुसरे पहिल्याहून खोल असते.

परंतु आपले ते आपण वाटेल त्या मार्गाने परत घ्यावे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी चोरीची चर्चा करताना हा प्रश्न टाळलेला नाही. दुसऱ्याने अन्यायाने अडकवून ठेवलेली स्वतःची वस्तू जो गुपचूप उचलतो, त्याने भरपाई द्यावयाची नसते. तरीही तो समाजाच्या न्यायाविरुद्ध वागतो, कारण स्वतःच्या खटल्यात तो स्वतःच न्यायाधीश होतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. आमच्या निवृत्त गृहस्थांची वस्तू कोणी अडकविली नव्हती, त्यामुळे त्यांच्यावर हा आक्षेप येत नाही. परंतु डबा खरोखर कोणाचा? पुष्कळ घरांत तो सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या मालकीचा असतो. टाचणी दाबताच कंपनीने भरलेले नाव व खूणही पुसली जाऊ शकते आणि मग तिच्याच माणसाची वाट पाहत बसावे लागते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात जाळ्याच्या 'मालका'सोबत ते ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीच्या परवानगीचाही विचार आहे, तो उगाच नव्हे.

हा सारा त्रास नको म्हणून परवलच काढून टाकावी, असे काही भाविक सुचवितात. त्यांचे औदार्य आम्हांस मान्य आहे, शहाणपण नाही. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी पाठविलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे एका परदेशी रहिवाशाच्या घरापर्यंत पोहोचला होता. त्याचे जाळे कोणालाही वापरता येईल असे उघडे होते आणि ते परक्याने वापरले होते. सताड उघडे दार हे आतिथ्य नव्हे. आतिथ्यात कोणीतरी कोणालातरी 'या' म्हणावे लागते.

येथे त्या गृहस्थांच्या पत्नीने जे म्हटले ते आम्हांस अनेक ग्रंथांहून मोलाचे वाटते. 'आपण गावाला जाताना शेजारी किल्ली ठेवून जातो, तेव्हा घर त्यांचे होते का?' असे त्या म्हणाल्या. शेजारच्या मुलाने फोन समोर धरला, गृहस्थांनी त्यावरील चौकडीचे चित्र आपल्या फोनाने टिपले आणि ते आत गेले. गृहस्थ ज्याला आक्रमण समजत होते ती वस्तुतः ठेव होती. ज्या गुपिताला आपल्यावाचून दुसरा धनी नाही, ते आपल्या विस्मरणाबरोबर बुडते. जे विश्वासाने कोणाला दिले, ते परत येऊ शकते. अर्थात ही गोष्ट मूठभर माणसांपुरतीच खरी आहे आणि त्या मुठीत कोण, हे आपल्यालाच ठरवावे लागते. बँकेच्या खात्याचा शब्द कोणी या युक्तिवादाने शेजाऱ्याला देऊ नये, एवढे सांगून ठेवतो!

चाकणजवळ म्हाळुंगेच्या बाजूस भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या चार तरुणांची हकिकत याहून अवघड आहे. कोणी मराठवाड्यातला, कोणी विदर्भातला, एक बिहारचा. तिघे कंत्राटी कामगार, चौथा शिकाऊ. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे चौघे एकत्र जागे असण्याचा वार क्वचितच येई. जोडणी एकाच्या नावावर, वर्गणी चौघांची. ज्याच्या नावावर जोडणी होती व ज्याने शब्द ठरविला होता, त्याचे कंत्राट संपले आणि तो वाळूजच्या एका कारखान्यात गेला. त्याच्या जागी नवा मुलगा आला. त्याला शब्द कोणी द्यावा? जुन्या तिघांचे फोन आपोआप जोडले जात. शब्द त्यांतल्या एकालाही तोंडपाठ नव्हता, आणि दोघांच्या जुन्या फोनांत तो दाखविण्याची सोय नव्हती. तिसरा रात्रपाळीला गेलेला. घरमालक म्हणाले, 'टाचणी दाबा.' मुले दाबीनात. जोडणी त्याच्या नावावर आहे, त्याला विचारल्याशिवाय कसे पुसायचे, असे त्यांचे म्हणणे. अक्वायनस वाचलेला त्यांच्यात कोणी नव्हता.

दुपारच्या सुटीत त्याला फोन लागला. जुना शब्द त्यालाही आठवेना. त्याने टाचणी दाबावयास सांगितले, जोडणी दुसऱ्याच्या नावावर करून घेण्यास संमती दिली आणि आपल्या वर्गणीचे उरलेले पैसे नव्या मुलाच्या नावे धरावेत असेही सांगितले. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन गेला. नवा शब्द चौघांनी मिळून ठरविला, खोलीतील वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला, आणि मग त्यांच्यापैकी एकाने तो वाळूजलाही कळविला. या डब्याची लहर दोन-तीन खोल्यांपलीकडे जात नाही, मग इतक्या दूर तो कशाला, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, 'फादर, तो दिवाळीला येईल ना.'