घरच्या वाईनचा प्रश्न



नाताळच्या मेळ्याची आखणी करण्यासाठी पॅरिश कौन्सिलची सभा भरली होती. केक, गोठ्याची सजावट, नाताळगीते हे नेहमीचे विषय आटोपल्यावर एका तरुण सभासदाने सूचना मांडली की यंदा घरगुती वाईनची स्पर्धा ठेवू या. सभेत एकदम चैतन्य आले. कोणाच्या घरची वाईन सरस यावर तिथल्या तिथे दोन तट पडले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक भगिनी उठल्या आणि म्हणाल्या, "फादर, एकच विचारते. घरी वाईन करायचा नाद लागला की माणूस जास्त प्यायला लागतो. खरं की खोटं?"

आम्ही पटकन म्हणालो, "छे हो! करण्याचा आणि पिण्याचा काय संबंध?" सगळे हसले, त्या खाली बसल्या आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. रात्री मात्र आमचेच उत्तर आम्हाला टोचू लागले. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाने असे चटकन उत्तर द्यायला नको होते. हे टिपण त्या भगिनींसाठी आहे आणि आमच्यासाठीही.

आधी वाईन करणाऱ्यांना न्याय देऊ. आम्ही लहानपणी पाहिलेली वाईन अशी व्हायची. काळी द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वस्त होत, म्हणजे ऐन उपवासकाळात. आई ती धुऊन, कोरडी करून चिनी मातीच्या मोठ्या बरणीत हाताने कुस्करायची. त्यात साखर, उकळून गार केलेले पाणी, चिमूटभर यीस्ट, दालचिनीचा तुकडा आणि मूठभर गहू. (गहू कशासाठी, हे तिला कधीच सांगता आले नाही. तिची आई घालायची म्हणून ती घालायची.) बरणीच्या तोंडाला फडके बांधायचे आणि एकवीस दिवस रोज एकदा लाकडी पळीने ढवळायचे. मग गाळून बाटल्या भरायच्या आणि त्या माळ्यावर ठेवून द्यायच्या, थेट नाताळपर्यंत. उपवासकाळात भरलेले नाताळात उघडायचे. निम्म्याहून अधिक बाटल्या फराळाबरोबर शेजारीपाजारी जायच्या. उरलेली वाईन घरात इवल्याशा पेल्यांतून दिली जायची आणि तीन राजांच्या सणापर्यंत संपायची. त्या घरात कोणी दारुडा निपजला नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरचा अनुभव हाच असेल.

तेव्हा "वाईन केली की माणूस बिघडतो" हे सरसकट खरे नाही. सेमिनरीत तर्कशास्त्राच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात की एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, म्हणून ती पहिलीमुळेच घडली असे होत नाही. ज्याला पिण्याची ओढ आधीपासून आहे, तोच कदाचित या छंदाकडे वळत असेल. मग दोष छंदाचा की ओढीचा? आमच्या त्या चटकन उत्तरामागे हाच युक्तिवाद होता. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

कसा अपुरा आहे, ते आपल्याच धर्मग्रामातील एका बांधवामुळे कळले. हे त्याच्या व त्याच्या पत्नीच्या परवानगीने लिहितो आहोत. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले यात काहीही नाही. दोघे मिळून आमच्या कार्यालयात आले होते आणि हा मजकूर छापण्याआधी दोघांनी वाचला आहे.

हा गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाला आणि रिकामे दिवस खायला उठले. आईची बरणी माळ्यावरून खाली आली. पहिल्या वर्षी एकच बरणी. ती छान जमली, सर्वांनी वाखाणली. पुढच्या वर्षी दोन. मग जूनमध्ये जांभळे आली, त्यांची करून पाहिली. मग अननस, बीट, मनुका. वही घातली, तारखा लिहिल्या, कोणत्या बरणीत किती साखर याचे तक्ते केले. पत्नीलाही बरे वाटले, कारण माणूस घरात रमला होता. तीन वर्षांनी मात्र असे झाले की वर्षभर घरात एक ना एक बरणी आंबतच असायची. आंबणारी बरणी चाखून पाहावी लागते, गाळलेली वाईन जुनीशी ताडून पाहावी लागते, आणि नव्या वाईनसाठी बाटल्या रिकाम्या कराव्या लागतात. "फादर," तो म्हणाला, "मी कधी पीत नव्हतो. मी तपासत होतो." हे सांगताना तो हसला नाही. त्याची पत्नी म्हणाली, "सकाळी नऊ वाजता तपासायचे."

आता आमचा वाटा. दर नाताळला त्याच्या दोन बाटल्या आमच्या निवासात येत. आम्ही त्या घेतल्या, पाहुण्यांना दिल्या आणि मिस्सानंतर चारचौघांत म्हणालो, "अशी वाईन पंचक्रोशीत नाही." शेवटच्या दोन वर्षांत ती फार गोड आणि फार कडक झाली होती. ते आमच्या लक्षात आले होते. आम्ही बोललो नाही.

आईच्या बरणीत आणि त्याच्या बरणीत फरक कोणता? द्राक्षे तीच, यीस्ट तेच. पण आईच्या वाईनला कुंपणे होती आणि ती तिने मुद्दाम घातलेली नव्हती. हंगाम एक, बरणी एक, सण एक, वाटायची घरे ठरलेली. विकतच्या दारूलाही कुंपणे असतात. खिशातून पैसे जातात, दुकानापर्यंत चालावे लागते, वाटेत ओळखीचे भेटतात, बाटली संपली की संपते. घरच्या छंदात ही सगळी कुंपणे एकेक करून आपल्याच हाताने निघतात. शिवाय छंदाचा स्वभावच वाढण्याचा. पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्याची तिकिटे वहीत राहतात. वाईन करणाऱ्याचा छंद शेवटी कोणाच्या तरी पोटातच जातो.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या नवव्या भागात आपली आई संत मोनिका हिच्याविषयी एक आठवण लिहिली आहे. ती जेव्हा जेव्हा आमच्या वाचनात येते, तेव्हा आम्ही थबकतो. मोनिका लहान असताना घरची शहाणी मुलगी म्हणून तिला पिंपातून वाईन काढून आणायला पाठवीत. वाईन सुरईत ओतण्याआधी ती ओठ टेकवून किंचित चाखायची. पिण्याची ओढ तिला नव्हती, नुसता पोरकटपणा होता. पण रोजच्या थेंबात रोज एकेक थेंब वाढत गेला आणि पुढे ती जवळजवळ भरलेले पेले आवडीने रिचवू लागली. घरातल्या मोठ्यांना पत्ता नव्हता. सोबत जाणाऱ्या दासीशी एकदा भांडण झाले, तेव्हा दासीने रागाच्या भरात तिला दारुडी म्हटले. तो शब्द वर्मी लागला आणि मोनिकेने तिथेच ती सवय टाकली.

या कथेत मोनिकेला मोह दुकानातून आला नाही, वाईट संगतीतूनही नाही. तो घरच्या कामातून आला आणि विश्वासाने सोपविलेल्या कामातून आला. वाईन हाताळण्याचे काम तिचे होते, म्हणून चाखणे कोणाला चाखणे वाटले नाही. आणि तिला सावध केले ते प्रेमाने बोलणाऱ्याने नव्हे, भांडणाऱ्या दासीने. प्रेमाने वागणारे बहुधा आमच्यासारखे बाटली घेऊन स्तुती करीत असतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी नोहाचा प्रश्न विचारात घेतला आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाने द्राक्षमळा लावला, वाईन केली, ती पिऊन तो धुंद झाला आणि उघडा पडला. घरी वाईन करणारा बायबलमधला पहिला माणूस तोच. थॉमस म्हणतात की पेय किती कडक आहे हे ठाऊक नसताना कोणी धुंद झाला, तर ते पाप धरता येत नाही. नोहाच्या बाबतीत तसेच घडले असावे. ही मोठी उदार समजूत आहे. पण ती एकदाच कामी येते, हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या बरणीच्या वेळी नोहाला "मला ठाऊक नव्हते" म्हणता आले नसते.

आपल्याला ठाऊक असते का? विकतच्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते. घरच्या बाटलीवर फक्त वर्ष लिहिलेले असते. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करते. एका लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर आंबली, की एक टक्का अल्कोहोल वाढते. यीस्टच्या जातीनुसार बारा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास ते थकते आणि उरलेली साखर गोडवा म्हणून राहते. त्या गोडव्यामुळे कडकपणा जिभेला कळत नाही. आता हिशेब करा. चौदा टक्क्यांच्या वाईनचा १८० मिलिलिटरचा पेला आणि पाच टक्क्यांची ५०० मिलिलिटर बिअर यांत अल्कोहोल जवळजवळ सारखेच असते. बिअरची अर्धा लिटरची बाटली सकाळी नऊला उघडणाऱ्याला आपण काय म्हणू? "घरचीच आहे, द्राक्षांची आहे, त्रास व्हायचा नाही" हे वाक्य आम्ही स्वतः अनेकदा उच्चारले आहे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. घरच्या वाईनला त्यात सवलत दिलेली नाही.

मग हा छंद पाप आहे का? नाही. येशूने कानाच्या लग्नात पाण्याचे सहा रांजण वाईनने भरून दिले, त्या प्रभूचे अनुयायी वाईनला पाप म्हणू शकत नाहीत. नीतिशास्त्रात यासाठी एक जुना शब्द आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण तो पाठ केला होता, 'पापाचा प्रसंग'. प्रसंग म्हणजे पाप नव्हे, पापाकडे नेऊ शकणारी परिस्थिती. काही प्रसंग दूरचे असतात, काही जवळचे. तीच बरणी एकाला दूरचा प्रसंग असते, दुसऱ्याला अगदी जवळचा, आणि त्याच माणसाला पाच वर्षांपूर्वी दूरचा असलेला प्रसंग आज जवळचा झालेला असतो. म्हणूनच त्या भगिनींना सरसकट "हो" म्हणता येत नाही आणि सरसकट "छे हो" तर मुळीच नाही. ॲरिस्टॉटलने दगडाचा दाखला दिला आहे. हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही, पण तो फेकणे न फेकणे आपल्या हाती होते. दगड अजून हातात आहे की सुटला, हे ज्याचे त्याने पाहायचे. आणि जे पाहू शकत नाहीत, त्यांच्या घरच्यांनी सांगायचे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले, तेव्हा रोजच्या वाईनचे माप त्यांनी काहीशा संकोचानेच ठरवून दिले. दुसऱ्याच्या खाण्यापिण्याचे माप ठरविणे त्यांना जड वाटत होते. तरी त्यांनी ते दिले. आम्हालाही संकोच वाटतो, तरी विचारतो: वर्षाला किती बरण्या? त्यांतले घराबाहेर किती जाते? चाखताना शेजारी कोणी असते का? तुम्हाला आवडते ते करणे की पिणे? शेवटच्या प्रश्नाची परीक्षा सोपी आहे. एक अख्खी बरणी न चाखता वाटून टाकून पाहा.

स्पर्धेपुरते बोलायचे, तर कायदा आडवा येतो. दारूबंदीचा १९४९ चा कायदा आपल्या राज्यात अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू बनविणे त्यानुसार गुन्हा आहे. केरळमध्ये २०१९ च्या नाताळापूर्वी अबकारी खात्याने घरगुती वाईनबाबत तसे बजावले, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती घरांत मोठी चर्चा झाली. त्यामुळे देवळाच्या आवारात अशी स्पर्धा घेता येणार नाही. पण कायद्याच्या आड लपून आम्हाला सुटायचे नाही. उद्या परवाना मिळाला, तरी बक्षीस द्यायला आम्ही व्यासपीठावर जाणार नाही. एकदा स्तुती करून झाली आहे.

त्या बांधवाने आम्हाला विचारले होते, "फादर, नाताळपुरती एक बरणी ठेवू का?" आम्ही नाही म्हणालो. त्याच्यासाठी प्रसंग आता जवळचा आहे, तिथे अर्धे कुंपण चालत नाही. आधी डॉक्टरांकडे पाठविले, कारण रोज बराच काळ पिणाऱ्याने एकाएकी थांबणे शरीराला धोक्याचे ठरू शकते. आता तो दर आठवड्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जातो. तक्रार एकच, हात शिवशिवतात. ढवळायला, चाळायला, तारखा लिहायला काहीतरी हवे. पत्नीने सुचविले, यीस्ट तेच आहे, पाव करा. वही पुन्हा उघडली आहे. गेल्या शनिवारी त्याने आम्हाला एक पाव पाठविला. बाहेरून करपलेला, आत कच्चा. या वेळी आम्ही तसे स्पष्ट सांगितले.