घरच्यासारखी, की घरची?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी सत्संगानंतर एका मुलीने विचारलं, "गुलामगिरी पाप आहे हे आज कुणीही सांगेल. मग त्या काळच्या देवभक्त माणसांना ते कळलं कसं नाही?" प्रश्न मनातून जाईना, म्हणून लिहिते आहे.

जुन्या गोव्याचंच बघा. १५८३ मध्ये लिन्सखोतेन नावाचा डच तरुण तिथे आर्चबिशपच्या नोकरीत आला. त्याने लिहून ठेवलंय की शहरातल्या मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरायचा. अरबी घोड्यांबरोबर तिथे माणसांवरही बोली लागायची. फक्त रविवारी आणि सणावारी लिलाव बंद. म्हणजे देवाचा वार पाळायचा आणि दुसऱ्या दिवशी माणूस विकत घ्यायचा! यात एकाच धर्माला नावं ठेवू नयेत. पेशवाईतही कुणबिणी आणि बटकी होत्या, त्यांचीही खरेदी-विक्री होई. त्या घरांतही पूजाअर्चा चालूच होती.

मग कळलं का नाही? मला वाटतं, दोन समजुती आड आल्या.

पहिली, "त्यांचा स्वभावच तसा." ॲरिस्टॉटलसारख्या विद्वानानेही काही माणसं जन्मतःच गुलाम असतात असं मांडलं, गुलाम म्हणजे जिवंत अवजार, असं तो म्हणे. याचं उत्तर आपल्या दख्खनमध्ये आहे. चापू नावाचा इथियोपियातला एक मुलगा विकला गेला आणि हातोहात फिरत अहमदनगरच्या निजामशाहीत पोचला. 'अंबर' हे नाव त्याला मालकाने दिलेलं. तोच मलिक अंबर पुढे राज्याचा कारभारी झाला. त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं, तिथे नहरीने पाणी आणलं आणि जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षं झुंजवलं. यात गुलामाचा स्वभाव कुठे दिसतो?

पण पुढची गोष्ट जास्त विचार करायला लावते. अंबरला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतःच हबशी होता, एके काळचा गुलाम! ज्याने ते दुःख भोगलं, त्यानेही हाती सत्ता आल्यावर माणूस विकत घेतलाच. म्हणजे खोट कुणाच्या रक्तात किंवा जातीत नाही. दुसऱ्या जिवावर बेहिशेबी हक्क देणारी जी गादी असते, खोट तिच्यात आहे. तिथे मी बसले, तर मीही तशीच वागेन. ही भीती प्रत्येकाने बाळगावी.

दुसरी समजूत, "आम्ही त्यांना चांगलंच वागवतो." इथे मला माझं आजोळ आठवतं. तिथे एक अक्का होत्या. लहानपणीच कामाला आलेल्या, तिथेच म्हाताऱ्या झाल्या. दोन वेळचं जेवण, वर्षाला लुगडी, पगार नाही. सगळे कौतुकाने म्हणत, "अक्का अगदी घरच्यासारखी!" त्या गेल्या तेव्हा लक्षात आलं, त्यांचं खरं नाव मला ठाऊकच नव्हतं. घरच्या माणसाला रुसता येतं, "आज जमणार नाही" म्हणता येतं, वाटा मागता येतो. अक्कांना यातलं काय येत होतं?

तेव्हापासून मला वाटतं, मालक चांगला असणं पुरेसं नाही. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते; न्याय हक्काने मागता येतो. ज्या समाजात गरिबाला "नाही" म्हणता येतं आणि म्हटल्यावर उपाशी राहावं लागत नाही, तो न्यायी समाज. आपल्या राज्यघटनेच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार बंद केली. पण कायदा उंबऱ्यापर्यंत येतो, आत आपणच आणावा लागतो.

महाराज सांगतात, मनापासून होते ती सेवा. करून घेतली जाते ती नव्हे. मग घरकामाच्या मावशींकडून फुकट जादा काम घेऊन त्याला 'सेवा' म्हणायचं का?

या आठवड्यात घरात बसून एवढंच बघू या: मावशींचं पूर्ण नाव घरातल्या मुलांना माहीत आहे का? सुट्टी ठरलेली आहे का? आजारपणात पगार कापतो का? चहाचा कप वेगळा आहे का? उत्तर ग्रुपवर टाकायची गरज नाही. ते आपल्याला आणि सद्गुरूंना कळलं की पुरे.

जय गुरुदेव 🙏