कर्माचा अधिकार आणि रिकामे हात

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसाव्या श्लोकाने माणसाचा अधिकार कर्मापुरता मानला आहे आणि त्यावरील बहुतेक विवेचन फलत्यागाभोवतीच फिरत आले आहे. परंतु बुलढाणा जिल्ह्यासारख्या कोरडवाहू प्रदेशात त्याआधीचा प्रश्न उभा राहतो, तो असा की करण्याजोगे कर्मच हाताशी आले नाही तर त्या अधिकाराला काय अर्थ उरतो.

या जिल्ह्यातील रोजगार मुळातच हंगामी आहे. खामगावची कापूसपेठ एवढी मोठी होती की 1870 मध्ये जलंबपासून तेथवर रेल्वेचा फाटा काढण्यात आला. तरीही जिनिंग, म्हणजे सरकी वेगळी करणे, आणि प्रेसिंग, म्हणजे रुईच्या गाठी बांधणे, ही कामे कापसाची आवक असेपर्यंतच चालतात. कापसाच्या वेचणीने, विशेषतः स्त्रियांना, कित्येक आठवडे मजुरी मिळत असे. त्या जागी आलेल्या सोयाबीनची सोंगणी अल्पावधीत उरकते आणि मळणी तर यंत्रच करते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे भूजल खारट असल्याने विहिरीवर रब्बी पिकवणे अवघड जाते, खरीप निघाल्यावर शेतमजुराला पुण्या-मुंबईची किंवा सुरतेची वाट धरावी लागते.

गीतेतील कर्म म्हणजे मजुरी नव्हे, देहधारी क्षणभरही कर्मावाचून राहत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि शब्दार्थापुरता तो खराही आहे. पण ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय स्वकर्मालाच ईश्वराची पूजा ठरवतो आणि बसवेश्वरांच्या विचारातील कायक, म्हणजे ईश्वरार्पण बुद्धीने केलेले प्रामाणिक श्रम, हाही उपजीविकेचा व्यवसायच असतो. काम हीच पूजा असेल, तर ज्याला काम नाकारले गेले त्याची केवळ मिळकत बुडत नाही, त्याच्या पूजेचे साधनच हिरावले जाते, आणि अशा माणसाला निष्काम होण्याचा उपदेश करणे हे त्याच्या अभावालाच वैराग्याचे नाव देणे होय. या परंपरेची एक बाजू अत्यंत क्लेशकारक आहे: स्वकर्म जन्माने ठरवले गेले, आणि जातिव्यवस्था श्रमांबरोबर श्रमिकांनाही विभागते हे डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये दाखवून दिले. त्यामुळे कर्माच्या अधिकारात काम निवडण्याचे स्वातंत्र्य धरले नाही तर तो अधिकार नव्हे, बेडी ठरते.

शेगावच्या गजानन महाराज संस्थानात पाळीपाळीने येणारे सेवेकरी विनावेतन राबतात, आणि त्या श्रमांची थोरवी अशी की ते दिले जातात, घेतले जात नाहीत. पण देण्यासाठी आधी स्वतःची भाकरी सुरक्षित असावी लागते, म्हणूनच सेवा हा रोजगाराचा पर्याय होऊ शकत नाही. अधिकार कर्त्याचा असेल तर कर्म उपलब्ध करण्याचे ऋण समाजावर येते. संविधानाच्या 41व्या अनुच्छेदाने कामाचा हक्क आर्थिक कुवतीच्या मर्यादेत मार्गदर्शक तत्त्व म्हणून मांडला. 1972च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर वाढलेल्या आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उतरलेल्या रोजगार हमीला महाराष्ट्राने 1977च्या अधिनियमाने कायद्याचे बळ दिले. काम मागणारा तेथे याचक राहत नाही, आणि मुदतीत काम न मिळाल्यास भत्ता देण्याचे बंधन शासनावर येते.