गेलेला वेळ कोणाचा?

फुटबॉलचा सामना 90 मिनिटांचा असतो, असें आपण सहज म्हणतों. परंतु हें विधान पुरतें खरें नाहीं. खेळाडू जखमी होऊन पडतो, बदली खेळाडू संथ पावलांनीं मैदानांत येतो, चेंडू प्रेक्षकांत जातो. घड्याळ मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. असा वायां गेलेला वेळ पंचानें पूर्वार्ध व उत्तरार्ध यांच्या शेवटीं भरून द्यावा, असें खेळाच्या सातव्या नियमांत सांगितलें आहे. नियम जगभर एकच. पण त्याचें पालन ठिकठिकाणीं निराळें. मग न्याय एक कीं अनेक? हा प्रश्न केवळ क्रीडारसिकांचा आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

या नियमाच्या मुळाशीं कोणती तक्रार होती, तें एका जुन्या प्रसंगावरून ध्यानांत येईल. 1891 सालीं इंग्लंडांत स्टोक व ॲस्टन व्हिला या संघांचा सामना चालला होता. एका गोलानें मागें पडलेल्या स्टोकला अगदीं अखेरीस पेनल्टी मिळाली. तेव्हां व्हिलाच्या गोलरक्षकानें चेंडू मैदानाबाहेर दूर भिरकावून दिला, व तो परत येईपर्यंत वेळ संपून गेला, अशी हकीकत सांगतात. ही चोरीच होती, हें सांगावयास पंडित नको.

पण चोरी किती झाली, हें ठरवितांना मतें फुटतात. 2022 च्या कतार येथील विश्वचषकांत वायां गेलेलें प्रत्येक मिनिट भरून देण्याचा आग्रह धरला गेला, व इंग्लंड-इराण सामन्याच्या दोन्ही अर्धांत मिळून सुमारें 27 मिनिटें वाढलीं. 2023 सालीं इंग्लंडच्या प्रीमियर लीगनें तोच मार्ग धरला. युरोपीय महासंघानें मात्र चॅम्पियन्स लीगसाठीं तो नाकारला. थकलेल्या खेळाडूंवर आणखी भार घालणें त्यास रास्त वाटलें नाहीं. पुढच्याच हंगामांत प्रीमियर लीगनेंही हात थोडा आंखडला: गोलानंतर खेळ पुनः सुरू होण्यास 30 सेकंदांहून अधिक विलंब झाला, तरच तो मोजावयाचा. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरनें तर 1996 ते 1999 पर्यंत खेळ थांबला कीं घड्याळच थांबविण्याची रीत चालविली, आणि मग तीही सोडून दिली.

या भिन्नतेंत आम्हांस अराजक दिसत नाहीं. कोणता वेळ हरवला, हें सांगण्यापूर्वीं खेळ कशास म्हणावें, हें ठरवावें लागतें. गोल झाल्यावर खेळाडू एकमेकांस मिठी मारतात. तें अर्धें मिनिट खेळाचाच भाग आहे, असें कोणी म्हटल्यास आम्ही त्यास दोष देणार नाहीं. याउलट दुखापतीचें सोंग करून लोळणाऱ्यानें घालविलेला वेळ सर्वत्र चोरीचाच. या दोहोंमधील रेषा एका लीगनें अलीकडे, दुसरीनें पलीकडे काढली, तर बिघडत नाहीं. ती दोन्ही संघांस अगोदर ठाऊक असावी आणि सामना चालू असतां हलूं नये, एवढें पुरे.

तथापि एक शंका उरते. वेळ परत दिल्यानें चोर सुधारत नाहीं. आणि परत दिलेलीं मिनिटें निरपराध खेळाडूलाही धांवून काढावीं लागतात. म्हणून भरपाईपेक्षां प्रतिबंध आम्हांस अधिक न्याय्य वाटतो. 2025 च्या नव्या नियमानुसार गोलरक्षकानें चेंडू 8 सेकंदांहून अधिक काळ हातांत धरून ठेवल्यास प्रतिपक्षास कॉर्नर मिळतो. येथें दंड अपराध्याच्याच पक्षास होतो. 1891 च्या स्टोकला वाढीव वेळ हवा होता, हें खरें; परंतु चेंडू भिरकावण्याचें धैर्यच कोणास होऊं नये, असा नियम त्याहूनही अधिक हवा होता.